ड्रॉचा गोतावळा

"हात लावू नका! शाई ओली आहे."

विजयराघवानं बोट मागे घेतलं, तोवर ते काळं झालं होतं. मेलकावेरीच्या त्या छापखान्यात तो कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी बाटल्यांची लेबलं छापून घ्यायला आला होता. दोरीवरचं पान पाहून थबकला, इतकंच. 'ड्रॉ' या एका इंग्रजी शब्दाचे त्रेसष्ट अर्थ! पाणी शेंदणं, चित्र काढणं, गाडी ओढणं, पडदा सरकवणं... खाली नातलग – टेबलाचा ड्रॉवर लेक, अर्जाचा ड्राफ्ट पुतण्या, ड्रॅग चुलतभाऊ.

"ही सोयरीक कोणी शोधली?"

"मी." मालक कृष्णमूर्तिरावांची लेक अंबुजा प्रुफांतून वर पाहत म्हणाली. "मॅट्रिकच्या मुलांसाठी. का, चुकलंय?"

"एक अर्थ राहिलाय. पितळेची तार काढणं."

"पान तीन. तांबटाच्या भट्टीपुढे बसून पाहिलंय मी. तुम्ही?"

"मी... पुस्तकात वाचलंय."

"मग पाहणं तुमचंच राहिलंय!"

इतकं नेमकं वर्गीकरण त्यानं झाडापानांचंही पाहिलं नव्हतं. प्रयोगशाळेतली लेबलं त्यानंतर फार लवकर संपू लागली. दर खेपेला तो एक नवा अर्थ आणी, आणि तो तिच्या वहीत आधीच असे. ती हसली की गालावरचा शाईचा ठिपका हले... अन् तो लेबलं मोजायचं विसरून जाई.

शेवटी त्यानं आपल्या काकांना गळ घातली. शुक्रवारी ते मागणी घालायला येणार होते. त्याआधीच कृष्णमूर्तिरावांनी त्याला हाक मारली.

"मुलीचं नाव बघून मास्तर पुस्तक घेणार नाहीत. पुस्तकावर तुमचं नाव घालू. बी. ए. शोभेल."

अंबुजा छपाईचे खिळे जुळवत होती. तिचे हात थांबले.

"नाही, राव," तो म्हणाला. "यातला एकही अर्थ माझा नाही."

"एवढंही होत नसेल, तर काकांना शुक्रवारची तसदी देऊ नका." राव छत्री उचलून तडक निघून गेले.



"हो म्हणाला असतात, तर सगळं सोपं झालं असतं," ती हळूच म्हणाली.

"तुमच्याकडे बघायचं कसं, मग?"

तिनं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"शुक्रवारी या. काकांना घेऊनच."

"आणि तुमचे अण्णा?"

"त्यांना मी सांगते – पुस्तकावर नाव माझंच... आणि नवराही मीच पाहिलाय."