गाडी कोण चालवतंय?

“डावीकडे! अजून डावीकडे... बास, बास, थांबा!”

मागच्या आरशात एक अनोळखी तरुण दोन्ही हात हलवत नुसता नाचत होता. ब्रिटाने करकचून ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“तुम्हाला कुणी बोलावलंय?”

“नाही, म्हणजे... एवढी लांबलचक गाडी, मागे घ्यायची, त्यात तुम्ही एकट्या—”

“ॲरिझोनापासून एकटीनेच आणलीय! सरका, नाहीतर पायावरून नेईन.”

तो सरकला. पण हसत सरकला, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

न्यू मेक्सिकोतल्या त्या घरगाड्यांच्या मुक्कामाच्या तळावर पोहोचेपर्यंत तिचं डोकं आधीच तापलं होतं. नॉर्थ डकोटाची थंडी चुकवायला तिचे आईवडील दर हिवाळ्यात आपली घरगाडी घेऊन ॲरिझोना गाठायचे. यंदा वडिलांची नजर अधू झाली, दोघं विमानाने परतले आणि गाडी तिथंच अडकली. “मी आणते,” ब्रिटा म्हणाली. “तू? नको, तुझ्या भावाला सवड होऊ दे,” वडील म्हणाले. ती कुणाला न सांगताच निघाली. वाटेत जो भेटेल त्याचा एकच प्रश्न— गाडी कोण चालवतंय? नवरा कुठाय?

ऊन कलताना दारावर टकटक झाली. मघाचाच तो, हातात कागदात गुंडाळलेला गरम बरिटो, सारण भरलेली पोळीची गुंडाळी.

“हिरव्या मिरचीचा आहे. माफी म्हणून.”

“माफीत मिरची?”

“तुमच्या स्वभावाला गोड चाललं नसतं.”

ब्रिटाने ओठ घट्ट मिटले, तरी हसू निसटलंच. त्याचं नाव वेन्डेल. वाळवंटातल्या पवनचक्क्या दुरुस्त करून पिकअपमागे डबीएवढं फिरतं घर ओढत तो आयोवाला आईकडे निघाला होता. नेब्रास्कापर्यंत दोघांचा रस्ता एकच होता. तुम्हीचं तू कधी झालं, हे खाण्याच्या नादात कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दोघं पुढेमागे कोलोरॅडोत पोहोचले, तेव्हा बर्फ भुरभुरत होता. तिथल्या तळाच्या मालकाने ब्रिटाची राखून ठेवलेली जागा एका मोठ्या कुटुंबाला देऊन टाकली होती. “एकटीच तर आहेस. त्या खड्ड्याजवळ लाव की!” ती भांडून भांडून घसा बसवून घेत होती, तोच वेन्डेल आला. “अहो, जागा हिची आहे ना?” तो एवढंच म्हणाला आणि मालक लगेच, “हो साहेब, बघतो साहेब!”

जागा मिळाली. ब्रिटा मात्र आणखीच पेटली.

“मी मघापासून वेगळं काय सांगत होते?”

“अगं, पण काम झालं ना?”

“तुझं ऐकलं त्याने! माझं नाही!”

“मग मी करायचं काय होतं?”

“उभं राहायचं होतंस. माझ्या बाजूला... नुसतं.”

टोपीवरचा बर्फ झटकत वेन्डेल खाली बघत राहिला.

नेब्रास्कातल्या तळ्याकाठी सकाळी वारा असा काही सुटला, की तिच्या गाडीच्या दारावर ताणलेलं कापडी छत उलटून टपावर फडफडू लागलं. ब्रिटा शिडी लावून वर चढली. शेजारचा म्हातारा खालून ओरडला, “अरे पोरा, बाईमाणसाला वर चढवून तू खाली काय करतोयस?”

“गाडी तिची आहे, आजोबा. मी शिडी धरलीय.”

एवढ्या वाऱ्यातही ते तिला नीट ऐकू आलं. दोरी आवळता आवळता तिचे हात मंदावले. तिने खाली पाहिलं... तो वरच पाहत होता.

नेब्रास्कातल्याच नॉर्थ प्लॅट गावात दोघांचे रस्ते फुटत होते. तिचा उत्तरेला, त्याचा पूर्वेला. पेट्रोलपंपावर वेन्डेलने कॉफीचा पेला तिच्या हातात दिला, टोपी नीट केली, पुन्हा काढली. “बरं मग... सांभाळून जा.” आणि खरोखरच जाऊन पिकअपमध्ये बसला!

ब्रिटाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने आपली अवाढव्य गाडी सरळ पंपाच्या दारात आडवी घातली आणि खाली उडी मारली.

“सांभाळून जा? एवढंच?”

“मग काय म्हणू? तू तर सारखी चिडतेस माझ्यावर!”

“चिडणारच! ज्याच्याशी देणंघेणं नाही, त्याच्यावर कोण चिडतं?”

वेन्डेल बघतच राहिला. “आई वाट बघतेय गं माझी...”

“आणि मी काय बघतेय?”

बोलून गेल्यावर तिचे कान लाल झाले. वेन्डेलने दार उघडलं, खाली उतरला आणि तिच्यावरची नजर न काढता फोन लावला.

“आई, उशीर होईल मला... नाही, गाडी ठीक आहे. मीच ठिकाणावर नाहीये... हो, मुलगी आहे... हो, समोरच आहे... रागावलीय.” तो थांबला, मग हसला. “आई विचारतेय, जेवायला कधी आणतोस?”

“आधी माझ्या घरी,” ब्रिटा म्हणाली.

मागे खोळंबलेल्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. ब्रिटाने मागे न बघताच त्याला हाताने थांबायला सांगितलं. दुसऱ्या हाताने वेन्डेलची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं— रागातच, पण सोडायला मात्र तिने मुळीच घाई केली नाही.