यंत्रमाशाला न कळलेली चव

डोमाकाकांनी ओंजळ हेमांगीपुढे धरली. "पाह्य पोरी, हे काय झालं असंल?"

ओंजळीत एक मेलेला झिंगा होता. त्याचं कवच पाठीवर उकललं होतं. अर्धं अंग बाहेर आलं होतं, अर्धं आतच अडकलं होतं. घट्ट सदरा काढताना डोकं गळ्यात अडकावं आणि पुढे काही करताच येऊ नये, तसा तो दिसत होता.

"एकच सापडला का काका?"

"एकच असता तर तुला काहून दाखवला असता? जाळ्यात निम्मे असेच येतात. बाजारात बाया हातसुद्धा लावत नाहीत."

हेमांगी भोयर सातवीत होती. शाळा सुटली की ती सुरई नदीच्या घाटावर थोडा वेळ रेंगाळायची. डोमाजी बावणे तिथे जाळं टाकायचे. झिंग्यांवरच त्यांचं घर चालायचं, आणि आज त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"थांबा, चंदेरीला विचारते," हेमांगी म्हणाली आणि पायरीवर वाकून तिने पाण्यावर तीन टिचक्या मारल्या.

थोड्याच वेळात एक चकचकीत पाठ वर आली. चंदेरी म्हणजे यंत्रमासा. दिवसभर नदीत पोहायची, पाणी चाखायची आणि विचारलं की उत्तर द्यायची. असे तीन मासे 'निर्धूळ उद्योग' या कंपनीने पिंपळखुटी गावाला भेट दिले होते. कंपनीचा कारखाना गावाच्या वरच्या अंगाला होता. सोलर पॅनेलवर धूळ बसू नये म्हणून लावायचा लेप तिथे बनायचा. सगळा देश उन्हावर चालू लागल्यापासून त्या लेपाला प्रचंड मागणी होती. अर्ध्या गावाची चूल त्या कारखान्यावर पेटायची. हेमांगीचे बाबा, दिवाकर भोयर, तिथेच सांडपाणी विभागात काम करत होते.

"चंदेरी, पाणी कसं आहे?"

"पाणी उत्तम आहे," चंदेरीने गोड आवाजात सांगितलं.

डोमाकाकांनी झिंगा पुन्हा एकदा पाहिला आणि वाळूत पुरला.

हेमांगी तडक कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली. तिची आत्या, डॉ. कुमुद भोयर, गोड्या पाण्यातल्या जीवांची अभ्यासक होती. मोठ्या शहरातली नोकरी संपवून ती भावाकडे राहायला आली होती आणि कॉलेजच्या दोन खोल्यांत तिने आपला संसार मांडला होता. संसार म्हणजे काचेच्या बरण्या, एक जुना सूक्ष्मदर्शक आणि चहाची किटली.

हेमांगीने झिंग्याचं वर्णन केलं तशी आत्या हातातला कप खाली ठेवून नीट बसली.

"झिंगा कवचधारी प्राणी आहे (ज्याचा सांगाडा अंगाच्या आत नसून बाहेर असतो). बाहेरचा सांगाडा अंगाबरोबर वाढत नाही. मग झिंगा वाढणार कसा?"

"जुनं कवच टाकून नवं घेत असेल."

"बरोबर. त्याला कात टाकणं म्हणतात. तुझ्या झिंग्यांना कात पुरती टाकता येत नाहीये. पाण्यातलं काहीतरी त्यात अडथळा आणत असावं."

"पण चंदेरी तर म्हणते पाणी उत्तम आहे. ती खोटं बोलते?"

"यंत्राला खोटं बोलायची गरज नसते. तिला आपण प्रश्न काय विचारतो ते बघायला हवं. चल."

दोघी घाटावर आल्या. आत्याने पदर खोचला आणि पायरीवर बसकण मारली.

"चंदेरी, तू पाण्यात काय काय ओळखतेस?"

"माझ्याकडे आठ संवेदक आहेत (बदल टिपणारी साधनं). मी आठ पदार्थ ओळखते. त्यांतला एकही पाण्यात धोक्याच्या पातळीवर नाही."

"आणि नववा असेल तर?"

"मला तो कळणार नाही."

हेमांगी चकित झाली. "मग तू 'पाणी उत्तम आहे' असं का म्हणतेस? 'मला ओळखता येतं त्यातलं काही जास्त नाही' असं म्हण ना!"

"ते वाक्य लांब होतं. मला छोटं वाक्य शिकवलं गेलं."

"आठ पदार्थ कुणी ठरवले?"

"जलसुरक्षा मंडळाच्या अभ्यासगटाने. अभ्यासगटाचा खर्च निर्धूळ उद्योग आणि इतर चार कंपन्यांनी केला. ही माहिती सर्वांसाठी खुली आहे. आजवर कुणी विचारली नव्हती."

परतताना हेमांगी तावातावाने म्हणाली, "म्हणजे त्या अभ्यासगटातले सगळे लबाड!"

"इतकं सोपं असतं तर बरं झालं असतं," आत्या म्हणाली. "समज, एका वॉचमनला आठ चोरांचे फोटो दिले. तो इमानदारीने फोटो बघून एकेकाला आत सोडतो. आठवा चोर मिशी काढून आला, तर?"

"वॉचमन त्याला सलाम ठोकेल!"

"इथे तसंच काहीसं झालं असावं. लेपातल्या एका पदार्थावर पूर्वी बंदी आली. कंपनीने त्याच्या रेणूत (पदार्थाच्या सर्वांत लहान कणात) थोडा बदल करून नवा पदार्थ आणला. नाव नवं, म्हणून तो आठांत नाही. आता फोटो निवडायला जे बसले होते, त्यांचा प्रवास, जेवण, पगार सगळं कंपन्यांकडून. त्यातलं कुणी खोटं बोललं असेल असं नाही. फक्त नवव्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणत असेल, 'ते पुढच्या बैठकीत पाहू.' याला हितसंबंध म्हणतात (निर्णयात आपला फायदा-तोटा गुंतलेला असणं). माणूस चांगला असला तरी त्याची नजर हळूहळू एकाच बाजूला वळते."

"मग नववा पदार्थ शोधायचा कसा? आपल्याला त्याचं नावही माहीत नाही."

आत्याने खिडकीतली एक बरणी उचलून उजेडात धरली. पाण्यात टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके टुणटुण उड्या मारत होते. "या पाणपिसू. झिंग्यांच्या लांबच्या बहिणी. यासुद्धा कात टाकतात, आणि खूप भराभर. यांना नाव सांगावं लागत नाही."

हेमांगीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तिचा श्वासच थांबला. पाणपिसू काचेसारखी आरपार होती. पाठीत इवलंसं हृदय धडधडत होतं, इतकं वेगात की मोजताना जीभ अडखळावी.

प्रयोग आत्याने समजावला आणि हेमांगीने मांडला. कारखान्याच्या वरचं नदीचं पाणी, कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळीखालचं पाणी, आणि नळीखालचंच पण अर्धं साधं पाणी मिसळलेलं, अशा तीन तऱ्हा. प्रत्येकीच्या चार बरण्या आणि प्रत्येकीत पिसूंची सारखीच पिल्लं. बरण्यांवर पाण्याचं नाव नव्हतं, नुसती अक्षरं होती. कुठल्या अक्षरात कुठलं पाणी ते फक्त आत्याला ठाऊक होतं.

"मला का नाही सांगत?"

"कारण तू डोमाकाकांचा कैवार घेतला आहेस. तुला हवं ते उत्तर तुझे डोळे आपोआप शोधतील. आपण कंपनीला तेच म्हणतोय ना? मग नियम आपल्यालाही लागू."

आठवडाभर हेमांगी शाळेआधी येऊन पिसू मोजायची, त्यांना थेंबभर यीस्ट खाऊ घालायची. काही बरण्यांत पिसू वाढल्या, नव्या कवचात मिरवू लागल्या. काही बरण्यांत त्या एकेक करून तळाशी बसल्या, जुन्या कवचात अडकून. ज्या पिसूंचं हृदय तिने धडधडताना पाहिलं होतं, त्या थांबलेल्या बघताना तिला रडू आलं. शेवटी आत्याने अक्षरं उघड केली. नळीखालच्या पाण्यातल्या जवळजवळ सगळ्या मेल्या होत्या. अर्ध्या पाण्यातल्या निम्म्याच. वरच्या पाण्यातल्या सगळ्या मजेत होत्या.

त्या संध्याकाळी घरी कंपनीचे अधिकारी सबनीस आले. शांत, अदबशीर माणूस. बाबा त्यांच्यासमोर अवघडून बसले होते.

"मॅडम, तुमच्या प्रयोगाबद्दल ऐकलं," सबनीस म्हणाले. "कौतुक वाटलं. पण काचेच्या बरणीतल्या पिसू म्हणजे नदी नव्हे. पुरेशी खात्री कुठे आहे? आम्ही पाच वर्षांचा मोठा अभ्यास करायला तयार आहोत. प्रमुख तुम्हीच व्हा. नवी प्रयोगशाळा देऊ. तोपर्यंत पुढच्या जनसुनावणीत हा विषय नको, एवढंच."

"अभ्यास जरूर व्हावा," आत्या म्हणाली. "पण पाच वर्षं ते पाणी कुठे सोडणार?"

सबनीसांनी चष्मा पुसला. "नियमाप्रमाणे जिथे सोडतोय तिथेच."

"मग खात्री होईपर्यंत झिंग्यांनी थांबायचं आणि कारखान्याने चालू राहायचं, असंच ना?"

ते गेल्यावर बाबांचा आवाज चढला. "ताई, तुझं काय जातं? तू निवृत्त झालीस! कारखाना बंद पडला तर अर्धं गाव उपाशी बसेल. पहिली नोकरी माझी जाईल!"

"कारखाना बंद करा असं मी कधी म्हटलं, दिवाकर?"

"बाबा, तुम्हाला खरंच वाटतं पाणी चांगलं आहे?" हेमांगीने विचारलं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते अंगणात निघून गेले.

जनसुनावणी म्हणजे नियम ठरवण्याआधी सरकारने लोकांचं ऐकून घेणं. ती नगरपालिकेच्या सभागृहात होती. पुढची दहा वर्षं कारखान्याने पाण्याची कोणती चाचणी द्यायची, ते ठरणार होतं. जलसुरक्षा मंडळाच्या अध्यक्ष काझी मॅडम मधोमध बसल्या होत्या. कंपनीने रंगीत आलेख दाखवले. आठही रेघा हिरव्या होत्या.

मग आत्याने हेमांगीला पुढे केलं. "मोजणी हिने केली आहे, तीच सांगेल."

हेमांगीने पडद्यावरचं चित्र सुरू केलं. पाणपिसूचं हृदय धडधडायला लागलं आणि सभागृहातली कुजबुज थांबली. तिने तिन्ही पाण्यांची हकिगत सांगितली. अक्षरांच्या बरण्यांबद्दलही सांगितलं.

सबनीस उठले. "बाळ, पाण्यात काहीतरी आहे म्हणतेस. त्याचं नाव सांगशील?"

"मला माहीत नाही."

मागून कुणीतरी हसलं. हेमांगीचे कान तापले, पण ती खाली बसली नाही.

"सर, पाणी तुमच्या नळीतून येतं. त्यात काय आहे ते तुम्हालाच माहीत असणार. आम्हाला नाव माहीत नाही, कारण ते आम्हाला सांगायलाच पाहिजे असा नियमच नाही."

आता कुणी हसलं नाही. सबनीस काही बोलणार एवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला. "मला बोलायचंय."

बाबा उभे होते. कारखान्याचा निळा शर्ट त्यांच्या अंगात तसाच होता. "मी दिवाकर भोयर, सांडपाणी विभाग. कारखाना उभारताना आराखड्यात कोळशाची दुसरी गाळणी होती. ती बसवली असती तर नवा पदार्थ बराचसा अडला असता. आम्ही दोनदा मागितली. उत्तर आलं, 'नियमात नाही, तर खर्च कशाला?'" ते काझी मॅडमकडे वळले. "मॅडम, मला कारखाना हवाय. माझं घर त्यावरच चालतं. म्हणून तर म्हणतो, नियमात घ्या. सगळ्याच कारखान्यांना एकच नियम असला, तर गाळणी बसवणारा मागे पडणार नाही."

काझी मॅडमनी सबनीसांना विचारलं, "गाळणी बसवायला किती वेळ लागेल?"

सबनीस आपल्या कागदांकडे न बघता म्हणाले, "पावसाळ्याआधी होईल."

निकाल महिन्याभराने लागला. पदार्थांच्या चाचण्यांबरोबर आता जीवचाचणीही (जिवंत प्राण्यांवर पाण्याचा काय परिणाम होतो ते पाहणं) सक्तीची झाली. अभ्यासगटाचा खर्च सरकारने उचलायचा ठरला आणि प्रत्येक सदस्याने आपले हितसंबंध आधी जाहीर करायचे. सगळ्यात मोठा बदल शेवटचा होता. नवा पदार्थ वापरायचा असेल तर तो घातक आहे हे गावाने सिद्ध करायचं नाही. तो घातक नाही हे कंपनीने दाखवायचं, आणि पाण्यात सोडण्याआधी दाखवायचं.

बाबांची नोकरी राहिली. सुरुवातीला वरिष्ठ त्यांच्याशी नीट बोलत नसत. गाळणी बसली तेव्हा ती सांभाळायला जाणता माणूस हवा होता, तेव्हा बोलू लागले. डोमाकाकांचे झिंगे लगेच परतले नाहीत. नदीला वेळ लागतो. पण पुढच्या हिवाळ्यात त्यांनी एकदा भरलेली टोपली डोक्यावर घेऊन भोयरांच्या दारात हाक मारली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

आत्याच्या प्रयोगशाळेला जीवचाचणीची मान्यता मिळाली. हेमांगी आता शनिवारी तिथे मदत करायची. अशाच एका शनिवारी दारात एक तरुण येऊन उभा राहिला. हातात बूच लावलेली लहानशी बाटली, गळ्यात निर्धूळ उद्योगाचं ओळखपत्र.

"डॉक्टर भोयर आहेत का? मी कंपनीतला रसायनतज्ज्ञ. आम्ही लेपासाठी एक नवा पदार्थ तयार केलाय. तपासून हवा होता."

"आत्या बाहेर गेलीय. नमुना ठेवून जा," हेमांगी म्हणाली. "पिल्लं मोठी होऊन त्यांना पिल्लं होईपर्यंत बघावं लागतं. तीन आठवडे लागतील. चालेल ना?"

"चालेल की," तो म्हणाला. "अजून आम्ही थेंबभरही कुठे सोडलेला नाही."

हेमांगीने बाटली घेतली, तिच्यावर फक्त एक अक्षर लिहिलं आणि पिसू मोजायला बसली. तो तरुण गेला नाही. दारातच घुटमळत त्याने विचारलं, "मी एकदा बघू का त्यातून?"

तिने सूक्ष्मदर्शक त्याच्याकडे वळवला. "या. पाठीकडे बघा. धडधडतंय ना, ते तिचं हृदय."