फणसाचं रोप आणि झेंडूची पाकळी

टक्.

दुपारच्या शांततेत एवढासाच आवाज झाला. पुस्तकांच्या कपाटाखाली सतत घरघरणारा पंखा थांबला आणि घर जास्तच शांत झालं. पडल्या पडल्या चित्रं बघणारी कृत्तिका ताडकन उठली.

"आई, जग बंद पडलं."

जग म्हणजे कपाटाखालचा काळा डबा. आईने जुने सुटे भाग जोडून बनवलेला सर्व्हर (खेळाचं जग सांभाळणारा आणि सगळ्या खेळाडूंना ते दाखवणारा संगणक). त्या जगात दोघीच राहत: कऱ्हाडची कृत्तिका आणि तिची मैत्रीण जुई. जुईचे आईबाबा तिला घेऊन चंद्रावरच्या वसाहतीत कामाला गेल्यापासून दोघी या खेळातच भेटत. आज सकाळी जुईने तिथे फणसाचं रोप लावलं होतं. चंद्रावर घुमटाबाहेर गवताचं पातंसुद्धा नाही, म्हणून तिला स्वतःचं झाड हवं होतं. संध्याकाळी संपर्काची वेळ झाली, की ती आधी रोपाकडेच धावणार होती.

आईने नुकतंच झोपलेलं बाळ हळूच खाली ठेवलं. ते उठायच्या आत काय ते करायला हवं होतं. कृत्तिका वेणीचं टोक चावत येरझारा घालत होती. जुईच्या पडद्यावर तरी रोप असेल ना, असं तिने दोनदा विचारलं.

नाही, आई म्हणाली. पडद्यावर दिसतं ते फक्त चित्र. जुई रोप लावते, म्हणजे तिचा निरोप चंद्रावरून या डब्याकडे येतो. 'या कोपऱ्यात रोप आलं' हे डबा लक्षात ठेवतो आणि दोघींना नवं चित्र पाठवतो. खरं जग एकच, आणि ते इथे.

डब्याला हात लावला तर चटका बसला. समोरची जाळी उघडली, तेव्हा पंख्याच्या पात्यांत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या दिसल्या, वर हळदीकुंकवाचा चिखल.

आज खंडेनवमी. यंत्रांची पूजा करायची आणि त्यांना सुट्टी द्यायची. आई सकाळीच डबा बंद करणार होती, पण जुई येणार म्हणून कृत्तिकाने करू दिला नव्हता. मग निदान पूजा तरी होऊ दे, म्हणून घरातल्या ठकू यंत्रमानवाला काम सांगितलं होतं: प्रत्येक यंत्राच्या कपाळी हळदकुंकू आणि एक फूल.

आईने ठकूकडे पाहिलं.

"मी विचारलं होतं, याचं कपाळ कुठे," ठकू शांतपणे म्हणाला. "कृत्तिका म्हणाली, समोरची जाळी."

कृत्तिका जमिनीकडे बघत राहिली.

"ते कपाळ नव्हे गं, नाक आहे त्याचं," आई म्हणाली. "तिथूनच तो गार हवा ओढतो."

आकडेमोड करताना संगणक तापतो. पंखा ती उष्णता बाहेर टाकतो. पंख्याला पुरेशी हवाच ओढता आली नाही, तर आतले भाग जळू नयेत म्हणून यंत्र स्वतःलाच बंद करतं.

"म्हणजे सुट्टी घेतलीच त्याने," ठकू म्हणाला.

बाळाचे केस विंचरायच्या मऊ ब्रशने आईने पाती झाडली. ती बटण दाबणार, तोच कृत्तिकाने तिचा हात धरला. रोप असेल का?

आईने दाराकडे बोट केलं. तिथे सकाळी कृत्तिकानेच काढलेली रांगोळी होती, आणि उंबऱ्यावर तेलरंगाने रंगवलेली जुनी वेलबुट्टी. संगणकाची स्मृती (चालू कामापुरती जागा) रांगोळीसारखी असते. भरभर काढता येते, बदलता येते, पण वीज गेली की पुसली जाते. चकती (कायम जपणारी जागा) रंगासारखी. टिकते, पण वेळ घेते. खेळातलं जग क्षणाक्षणाला बदलतं, म्हणून ते स्मृतीत चालतं आणि अधूनमधून चकतीवर उतरवलं जातं. उतरवताना खेळ अडखळायचा, कृत्तिका वैतागायची. तिच्याच हट्टाने आईने ते दिवसातून एकदाच, रात्री, असं ठरवलं होतं.

पंखा घरघरला. विहीर आली, होडी आली, दोघींचं घर आलं. कोपऱ्यात नुसती माती होती.

संध्याकाळी जुई आली, तेव्हा कृत्तिकाने सगळं सांगून टाकलं, जाळीचंही. चंद्रावर आवाज जायला सव्वा सेकंद लागतो, उत्तर यायला तेवढाच. आज तो वेळ सरता सरेना.

"नाकाला कुंकू लावलंस?" जुईचा आवाज आला, आणि मागोमाग तिचं हसू. "थांब, परत लावू."

लावलं. आता दर पाच मिनिटांनी जग चकतीवर उतरणार होतं. खेळ अडखळला तर अडखळू दे. शिवाय जुई रोज एक बॅकअप (दुसऱ्या जागी ठेवलेली राखीव प्रत) स्वतःकडे उतरवून घेणार होती. कऱ्हाडला काही झालं, तर जग चंद्रावर असेल. आणि कधी तिकडे काही झालं, तर इकडे.

जागं झालेलं बाळ कडेवर घेऊन आई पडद्यापाशी उभी होती. कृत्तिका नव्या रोपाकडे बघत होती.

"आई, सकाळचं रोप मला आठवतंय. जुईलाही आठवतंय. फक्त त्या जगालाच आठवत नाहीये." तिने वर पाहिलं. "मग ते होतं का गं?"