दोन जीबी जागा

"स्नेहलताई, आईचा आवाज गेला." एवढं बोलून प्रसेनजीतनं फोन ठेवला.

स्नेहल मंगळवार पेठेत कॉम्प्युटर दुरुस्त करायची. ती लगोलग गेली. प्रसेनजीत घराच्या मागच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करायचा. आई ललिता जाऊन वर्ष होत आलं होतं. तिनं म्हटलेलं एकच भीमगीत रविवारी विहारात, तिच्या स्मृतिदिनाला लावायचं होतं. आता प्रोजेक्ट उघडला की ढोलकी वाजे, पेटी वाजे, आणि आईच्या जागी नुसती शांतता. दुसरी प्रत? काढलीच नव्हती. डिस्क काठोकाठ भरलेली, म्हणे ठेवू कुठं! असला राग आला स्नेहलला.

कोपऱ्यात त्याचे वडील बाबासो बसले होते, साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. प्रसेनजीतची बायको प्रीती पांढरीफटक पडली होती. काल दुपारी ती कामावरून लवकर आली, तेव्हा घरात चिटपाखरू नव्हतं. रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार ढकललं तर आतून बंद. आणि आत सासूबाई बोलल्या.

"काय बोलल्या?"

"'अहो, दार लावा की.' मी तशीच शेजारी पळाले."

"गाण्यात हाय का हे?"

"न्हाय," प्रसेनजीत म्हणाला. खोटं कशाला बोलू, स्नेहलच्याही अंगावर सर्रकन काटा आला.

संशय घ्यावा तर पेटीवाला सूरज महिन्यापूर्वी भांडून गेलता, पण आठवडाभर तो बाहेरगावी, शिरोळलाच होता. आणि परवापर्यंत गाणं शाबूत होतं. प्रीतीला फोटो ठेवायला जागा हवी होती, त्यावरून घरात कुरबुर चालायची.

"जागा किती शिल्लक होती?"

"दोन जीबी. म्हणून तर घरात सगळ्यांना म्हटलं होतं, रविवार झाला की आईचे चुकलेले, अर्धवट तुकडे उडवतो."

स्नेहलनं डिस्क तपासली. आजही दोनच.

"फायली उडवल्या असत्या तर जागा वाढली असती," ती म्हणाली. "म्हणजे त्या इथंच हायत, नुसत्या हलवल्यात. राग काढणारा पुसून टाकतो. जागा हवी असणाराही पुसतो. ह्यानं जपल्यात. काल आत भूत नव्हतं, कोणीतरी दार लावून चुकलेला तुकडा ऐकत होतं. काकू 'अहो' कुणाला म्हणायच्या?"

बाबासोंची मान खाली गेली. लाईट बिलांच्या फोल्डरमध्ये सगळं सापडलं. ऑफिसात वीस वर्षं कॉम्प्युटरवर बसलेला माणूस, हलवाहलव त्यांना अवघड नव्हती. फायलींना नावं नव्हती, नुसते आकडे; चुकलेले तुकडे कुठले ते कळेना, म्हणून त्यांनी सगळ्याच उचलल्या. त्यानं गाणं मुकं होईल हे काही त्यांना ठाऊक नव्हतं, आणि झाल्यावर सांगायचा धीर झाला नाही.

"बाबा, मला सांगायचं की," प्रसेनजीत म्हणाला.

"गाणं समद्यांसाठी म्हटलंय तिनं," बाबासो म्हणाले. "ते दार लावायचं तेवढंच मला म्हणाली हाय."

प्रसेनजीतनं माऊस ओढून घेतला आणि स्वतःची नऊ गाणी एकेक करून उडवली. स्नेहलनं त्याला अडवलं नाही.