चिमणी : आहे

कामावरच्या माणसाने डोळे वर केले तरी मालकाच्या पोटात दुखायचं. म्हणून त्याने सगळ्या संगणकांवर ‘पहारेकरी’ नावाचा प्रोग्राम बसवून घेतला होता. तो कॅमेऱ्यातून टायपिंग करणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बसायचा. नजर पडद्यावरून हलली की मालकाच्या केबिनमध्ये घंटी वाजायची. कचेरीतल्या दुरुस्तीवाल्याने तो निमूटपणे बसवून दिला होता आणि त्याचीच धाकटी बहीण त्या कॅमेऱ्यासमोर बसायची.

आता सरकारी तपासणी येणार म्हटल्यावर मालकाची तंतरली.

"दुपारपर्यंत सगळीकडून काढ. मागमूस राहता कामा नये."

"बसवला तेव्हा पाठ थोपटली होतीत."

"तोंड चालवू नकोस, हात चालव."

दुरुस्तीवाल्याने प्रोग्राम एकेका संगणकावरून काढला. मग खात्रीसाठी एक छोटी बॅच फाइल लिहिली. ती प्रत्येक संगणकाला नावाने विचारणार, प्रोग्राम सापडला तर ‘आहे’ छापणार, नाहीतर ‘नाही’. या कचेरीत संगणकांना आकडे नव्हते. बसणाऱ्याचं टोपणनाव तेच संगणकाचं नाव, अशी इथली खोड.

टकल्या : नाही. मास्तर : नाही. चिमणी : आहे.

चिमणी म्हणजे त्याची बहीण.

"काढ ना रे दादा एकदाचा," ती म्हणाली. "घरी जेवताना पण तो बघतोय असं वाटतं. आणि वास येतो."

वास त्यालाही येत होता. ओलं फडकं डब्यात कोंबून विसरून जावं, तसा. त्याने तिच्या संगणकाचं झाकण उघडलं. आत धूळ नव्हती. पिवळट, चिकट थर होता, न धुतलेल्या कॉलरवरच्या मळासारखा. त्यात लांब केस रुतलेले. कोपऱ्यात नखांचे तुकडे.

"शी! डबा खातेस का यावर पडून?"

"मी हे झाकण कधी उघडलंय का?"

त्याने डिस्क उपसून टेबलावर ठेवली. आपल्या जागेवर जाऊन फाइल चालवली.

चिमणी : आहे.

त्याने तिच्या संगणकाची नेटवर्कची वायर काढली, वीज तोडली. नुसता पत्र्याचा खोका उरला. डिस्क नसलेला, बंद पडलेला खोका काही सांगूच शकत नाही, हे त्याला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. तरी फाइल पुन्हा चालवली.

चिमणी : आहे.

त्याने मागे पाहिलं. बहीण काळ्या पडद्यासमोर ताठ बसली होती. डाव्या हाताने मान खाजवत होती. नखाला काहीतरी पिवळं लागलं, ते तिने ओढणीला पुसलं.

"तुझ्यातच घुसलाय वाटतं मेला," तो म्हणाला. चेष्टेतच म्हणाला.

"मग माझ्यातून काढ."

त्याचं डोकं सणकलं. मालकावर, त्या घाणीवर, स्वतःच्या हातांवर. फाइल उघडून त्याने खाली एक ओळ वाढवली : असेल तर काढून टाक.

बटण दाबलं.

बहिणीने कचऱ्याचा डबा पुढे ओढला आणि त्यात ओकली. काळपट, तेलकट, केसांच्या गुंत्यांसकट. बराच वेळ ओकत राहिली. तो तिची पाठ चोळत उभा राहिला.

चिमणी : नाही.

"सुटलीस," तो म्हणाला.

तिने तोंड पुसलं, सरळ बसली आणि बंद पडद्याकडे बघत टाइप करू लागली. नजर जराही हलत नव्हती.

दमली असेल, असं म्हणून त्याने डबा उचलला. मागच्या गटाराशी जाऊन, नाक दाबून तिरपा केला. घाण गुठळ्या-गुठळ्यांनी जाळीतून खाली सरकली.

अर्ध्याच्या वर गेली असेल, तेव्हा डब्याच्या तळातून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं,

"दादा, थांब."