चिठ्ठीवरचं नाव

१९८७ सालचा ऑक्टोबर संपत आला होता. पानगळ सुरू झाली होती. मी तेव्हा जंगलाचा रखवालदार.

संग्रहालयातल्या बाई संध्याकाळी आल्या. नऊ वर्षांपूर्वी आमच्या जंगलात जवाएवढा एक पतंग सापडला होता. तांब्याच्या रंगाचा, पंखावर एकच रुपेरी रेघ. पुन्हा कुणाला दिसला नाही. टाचणीखालच्या चिठ्ठीवर, ज्याला सापडला त्याचं म्हणून, माझं नाव होतं.

"काका, आज दुसरा मिळाला नाही तर नोंद रद्द. तुमचं नावही जाईल."

"मिळेल," मी म्हणालो.

खरं तर तो माझ्या जोडीदाराने पकडला होता. लोक त्याला तिरळ्या म्हणत, पण जे आम्हाला दिसत नसे ते त्याला दिसे. त्याला अक्षरओळख नव्हती, म्हणून चिठ्ठी मी लिहिली.

"काय लिहिलंस रे?" त्याने विचारलं.

"तुझंच नाव. दुसरं काय लिहिणार?"

तो खूश झाला. त्याच हिवाळ्यात वारला.

अंधार पडल्यावर दोन झाडांमध्ये पांढरी चादर ताणली. पुढे दिवा ठेवला. ओल्या पाल्याचा वास येत होता. मोठे पतंग कापडावर आपटत होते. मग ते एकदम थांबले.

चादरीमागे पाला वाजला.

"काका... कोण आहे?"

"कोल्हा असेल."

"एवढा उंच?"

पलीकडून कुणीतरी कापडावर बोट टेकवलं होतं. खांद्याच्या उंचीवर. त्या फुगवट्यावर तो पतंग बसला होता. रुपेरी रेघ.

मी काचेची नळी लावली, बूच बसवलं. बाईंनी भिंगातून पाहिलं.

"तोच... चिठ्ठी लिहा."

मी माझं नाव लिहिलं. बोट कापडावरून सरकत माझ्या तोंडासमोर आलं.

"वाचून दाखव..."

आवाज मी ओळखला. बाईंनी ऐकला की नाही, विचारलं नाही. माझं नाव खोडलं, त्याचं लिहिलं, मोठ्याने वाचलं. कापड सपाट झालं.

"हे कोण, काका?"

"ज्याने पकडला तो. पहिलाही त्यानेच."

दुसऱ्या दिवशी बाईंनी संग्रहालयातली पहिल्या पतंगाची जुनी पेटी माझ्यासमोर उघडली. कुलूप शाबूत होतं, काचही. चिठ्ठीवरचं माझं नाव नखाने खरवडलेलं होतं.

त्या जागी मी त्याचं नाव लिहिलं.