फर्मची सही

ऑफिसात तिला सगळे पणबाई म्हणत. कुणी काहीही मांडलं की ती शेवटपर्यंत ऐकून घेई, चष्मा कपाळावर सरकवी आणि म्हणे, "पण..." त्या एवढ्याशा शब्दापुढे भलेभले वकील घाम पुसत. असल्या भांडखोर बाईला फर्म भागीदार करून घेईल असं तिच्या नवऱ्यालाही वाटलं नव्हतं. फर्मने घेतलं. नवी खोली मिळाली, खिडकीतून बंदरावरच्या क्रेन दिसणारी, आणि हात असलेली एक जड लाकडी खुर्ची.

फर्म काही साधीसुधी नव्हती. दोरखंडाच्या दुकानावरच्या माडीत बसून एक वकील जहाजमालकांचे करार लिहून देई, तिथून ती सुरू झाली. पुढे जहाजं मागे पडली, बँका आल्या. सरकारं कोसळली, नकाशे बदलले, आणि फर्म मात्र देशोदेशी ऑफिसं थाटत गेली. तिची खरी पुंजी म्हणजे तिचं मतपत्र, म्हणजे कायद्याबद्दलचं तिचं लेखी मत. अमुक गोष्ट कायद्यात बसते असं फर्मने लिहून दिलं की बँका डोळे मिटून पुढे जात आणि न्यायाधीशही सहसा शंका काढत नसत. दिलेलं मत फर्मने आजवर कधी मागे घेतलेलं नव्हतं. आणि मतपत्राखाली कुणाही भागीदाराने स्वतःचं नाव घालायचं नाही, हा पहिल्यापासूनचा रिवाज होता. प्रत्येकाने आपल्या हाताने संस्थापकाचीच सही करायची.

सगळ्यात ज्येष्ठ भागीदार, ज्यांना ऑफिस थोरले म्हणे, त्यांनी तिला सही शिकवायला बोलावलं. उजवीकडे झुकलेली अक्षरं, शेवटी खाली ओढलेला लांब फराटा. ती डावखुरी. हे आपल्याला सात जन्मांत जमायचं नाही, असं म्हणत तिने पेन टेकवलं.

पहिल्याच फटक्यात सही हुबेहूब उतरली.

"पण मी अजून नमुना नीट पाहिलाही नव्हता," ती म्हणाली.

"सगळ्यांचं असंच होतं," थोरले म्हणाले आणि नमुना खणात ठेवून दिला.

तिने ते मनावर घेतलं नाही. हात वळणदार आहे, त्यात काय मोठंसं, असं तिने स्वतःला समजावलं. त्याच आठवड्यात घरी एक पार्सल आलं. कुरिअरवाल्याने फोन पुढे केला, तिने बोटाने काचेवर सही केली आणि दार लावायला वळली. सासूबाई तिथेच उभ्या होत्या, त्यांची नजर अजून तीक्ष्ण होती.

"अगं, हे कुणाचं नाव घातलंस?"

"माझंच की, आई."

"मी काय तुझं नाव ओळखत नाही? लग्न झाल्यावर आमचं आडनाव लावायला नाही म्हणाली होतीस, तेव्हा किती भांडलो होतो आपण. आणि आता परक्या बुवाचं लावतेस होय!"

सासूबाई हसल्या. तिलाही हसू आलं, पण ओठांपर्यंतच. कारण कुरिअरवाल्याने फोन परत दाखवला तेव्हा काचेवर तो खाली ओढलेला लांब फराटा होता.

मग रंगाच्या कारखान्याचं प्रकरण आलं. कारखान्याचं सांडपाणी नदीत जाई आणि खालच्या वस्तीतली माणसं तेच पाणी पीत. पाण्याची तपासणी कंपनीने आधीच करून घेतली होती आणि निकाल दाबून ठेवला होता. ते लोकांना सांगणं कायद्याने बंधनकारक नव्हतं, असं मतपत्र कंपनीला हवं होतं, कोर्टात ठेवायला. पणबाईने सगळे कायदे पालथे घालून उलट मत दिलं होतं: बंधनकारक होतं, आणि आहे. टाइप होऊन आलेल्या पत्रात तिच्या मताचं शीर्षासन केलेलं होतं.

ती तरातरा थोरल्यांच्या खोलीत गेली. "साहेब, हे खोटं आहे. मी यावर सही करणार नाही."

"बरं, नको करूस," थोरले म्हणाले. "बस."

ती बसली. पत्र मधे टेबलावर होतं. थोरल्यांनी हवेबद्दल विचारलं, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. ते खुर्चीतून हलले नाहीत. ती उत्तरं देत राहिली, आणि दर उत्तरागणिक तिचा राग चढत होता. शेवटी ती उठली.

"तर मग माझं नाही म्हणजे नाही."

"अभिनंदन," थोरले म्हणाले.

पत्राखाली सही होती. शाई ओली होती, आणि तिच्या डाव्या हाताच्या बोटांना लागलेली होती.

जिन्यावर तिला घाम फुटला. भीती वाटलीच, खोटं कशाला बोला. पण भीतीच्या वर संताप होता. आपल्या हाताने आपल्याला न विचारता काही करावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मास्तरांकडे गेली. मास्तर म्हणजे निवृत्त भागीदार. नव्यांना तेच घडवत, म्हणून ते नाव. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेल्याचं तिला ठाऊक होतं. दार त्यांच्या बायकोने उघडलं आणि हळूच बजावलं, "हातातली फाइल इथेच ठेव. त्यांच्याजवळ कागद न्यायचा नाही."

मास्तर पलंगावर होते. चेहरा एका बाजूला ओघळलेला, खांदा लुळा. चादरीखाली त्यांचा उजवा हात मात्र चालत होता, उजवीकडे झुकत, शेवटी खाली फराटा ओढत.

"डॉक्टर काय म्हणतात?" तिने विचारलं.

"म्हणतात, हा हात हलूच शकत नाही," बायको म्हणाली.

"कुठल्या कागदावर होतेय देव जाणे," मास्तर अडखळत म्हणाले. "पोरी, मी कधी नाही म्हणालोच नाही. पहिल्यांदा म्हटलं असतं तर..."

"मी म्हटलं, मास्तर. तरी झाली."

"तोंडाने म्हटलंस."

गाडीत बसून ती त्या दोन शब्दांवर विचार करत राहिली. ती वकील होती. भूत असो, रिवाज असो, की आणखी काही, समोरचा पक्षकार समजून त्याची उलटतपासणी घ्यायची, एवढंच तिला येत होतं. हात माझा असेल, तर सही माझी. आणि सही माझी असेल, तर दिलेलं मत मागे घेण्याचा अधिकारही माझाच. हात माझा नसेल, तर ती सही खोटी. दोन्हीकडून पत्र रद्द. आता बोला म्हणावं!

पत्र दुपारी कोर्टात जायचं होतं.

खोलीचं दार लावून तिने चार ओळी टाइप केल्या: रंगाच्या कारखान्याबाबतचं मत मी मागे घेत आहे, ते चुकीचं आहे, कंपनीने लोकांना सांगायलाच हवं होतं. कागद समोर येताच डावा हात उठला.

तिने तो खुर्चीच्या हातावर दाबून धरला. फाइल बांधायची फीत घेतली, एक टोक दातांत पकडलं आणि मनगट करकचून बांधलं. बोटं वळवळत होती.

मग तिने पेन उजव्या हातात घेतलं. त्या हाताने तिने जन्मात कधी अक्षर काढलं नव्हतं.

खुर्ची हलायला लागली.

"हलव," ती म्हणाली. "मीही बघते."

तिने स्वतःचं नाव लिहिलं. वाकडंतिकडं, पहिलीतल्या पोरीसारखं, एक अक्षर डोंगराएवढं, दुसरं मुंगीएवढं. पूर्ण लिहिलं.

डावा हात थांबला.

ती स्वतः कोर्टात गेली आणि मत मागे घेतल्याचं पत्र देऊन पोच घेऊन आली. त्या रात्री तिला इतकी गाढ झोप लागली की सासूबाईंना दोनदा हाका माराव्या लागल्या.

सकाळी थोरल्यांनी बोलावलं. भागीदारीतून काढणार, हे धरूनच ती ताठ मानेने गेली. थोरले पांढरेफटक पडले होते. बोलायच्या आधी त्यांनी एक पत्र ओढून त्यावर सही केली आणि ते तिच्यापुढे धरलं.

तिचं नाव. एक अक्षर डोंगराएवढं, दुसरं मुंगीएवढं.

"सकाळपासून दुसरं काही येतच नाहीये," थोरले म्हणाले. "कुणालाच नाही. सगळ्या ऑफिसांतून फोन येताहेत. काय केलंस तू?"

तिला मोठ्याने हसायला आलं. "माझं नाव लिहिलं. एवढंच."

"हे थांबव."

"पण साहेब, तुम्हीच म्हणाला होता. सगळ्यांचं असंच होतं."

फोन वाजला. थोरल्यांनी तो कानाला लावला, बराच वेळ ऐकलं. हळूहळू त्यांच्या तोंडावर रंग परत आला. फोन ठेवून ते म्हणाले, "बँकेने पत्र घेतलं. नाव बदललंय, हे कुणी विचारलंसुद्धा नाही." आणि त्यांनी पुढचा गठ्ठा जवळ ओढला.

"थांबा!" तिने तो गठ्ठा हिसकावून छातीशी धरला. "आधी मी वाचणार. माझ्या नावावर न वाचलेली एक ओळ जाणार नाही."

"या खोलीतून नाही जाणार," थोरल्यांनी कबूल केलं. फोन पुन्हा वाजू लागला होता.

ती समोरच्या खुर्चीत बसली आणि पहिलं पत्र वाचायला घेतलं. कधी न पाहिलेल्या देशातल्या धरणाबद्दल होतं. दुसऱ्या पानावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कागद फक्त डाव्या हाताने धरलाय. उजवा हात मांडीवर होता. कापडावर तो सावकाश तिचं नाव लिहीत होता. लिहून झालं की कागद बदलायला लागतो तेवढा वेळ थांबे, आणि पुन्हा लिही.